तहानलेली बाग पाहिजे!

आमच्या लॅबच्या फील्डशीटमध्ये शेवटी एक रकाना आहे, 'शेरा'. त्यात खरं तर 'ढग', 'वारा जास्त', 'मोजमाप रद्द' एवढंच लिहायचं असतं. पण तीन वर्षांत तिथे इतकं काय काय लिहिलं गेलंय की डावीकडे शास्त्र आणि उजवीकडे किस्से, अशी त्या फायलींची वाटणीच झालीय. डाव्या बाजूचे पेपर होतात, परदेशात वगैरे जातात. उजवी बाजू माझ्याकडे पडून आहे, म्हटलं तुम्हालाच सांगून टाकू!

आधी काम काय ते ऐका. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर एक कॅमेरा बसवलाय. तो रंग बघत नाही, तापमान बघतो. वेलीला पाणी मिळालं की पान गार राहतं, पाणी तुटलं की पान तापतं. पान कोमेजलेलं आपल्याला दिसायच्या आधीच हे वरून कळलं, तर नाशिकच्या बागायतदाराचं किती पाणी वाचेल! आमच्या सोनवणे मॅडमनी याचाच ध्यास घेतलाय. स्थानक डोक्यावरून जातं त्याच मिनिटांत आम्ही खाली बागेत, पानांवर टेंपरेचर गन रोखून उभे. वरचा आकडा आणि खालचा आकडा जुळायला पाहिजे.

पाणी प्यायलेल्या बागांचे आकडे ढिगाने जुळले. प्रोजेक्टला पैसे देणारी समिती म्हणाली, "छान. आता तहानलेल्या बागेचा एक तरी दाखवा. मार्चअखेर नाही मिळाला तर प्रोजेक्ट बंद."

आता नाशिक जिल्ह्यात मुद्दाम बाग तहानलेली ठेवणारा माणूस आणायचा कुठून? मॅडम म्हणाल्या, "शोधू. नाही सापडला तर तयार करू!"

*

सायखेड्याच्या तात्यांची पाच एकर सलग द्राक्षबाग, वरच्या बांधाला लागून त्यांच्या धाकट्या भावाची विहीर. आमच्या कॅमेऱ्याला साधारण एकेका एकराचा ठिपका दिसतो, त्यामुळे अशी सलग बाग म्हणजे आमच्यासाठी सोनं. पहिल्या दिवशी अर्धं गाव बांधावर जमलं होतं. मी घड्याळ बघत ओरडलो, "आलं! आलं!" आणि नेमकं त्याच वेळी ओझरकडून एक लढाऊ विमान घोंगावत डोक्यावरून गेलं. गावाने हात हलवले, शिट्ट्या मारल्या, म्हाताऱ्यांनी नमस्कार केले.

मॅडमनी समजावलं, की स्थानक चारशे किलोमीटर उंचावर असतं, दिवसा ते डोळ्यांना दिसत नाही, हे गेलं ते विमान.

तात्या वैतागले. "मॅडम, जे खरं हाय ते दिसत नाय म्हणता, अन् जे दिसलं ते आपलं नाय म्हणता. मग आमी टाळ्या वाजवायच्या कोणासाठी?"

*

आमचे ड्रायव्हर बबनराव राहतात एकलहऱ्याला. स्थानकाच्या फेऱ्या त्यांना कधीच पटल्या नाहीत, कारण ते रोज वेगळ्या वेळेला येतं. आज सकाळी सव्वानऊ, परवा साडेआठ, पुढच्या आठवड्यात ढळढळीत उन्हात दुपारी. बबनरावांचं जेवण, चहा, झोप सगळं त्या वेळापत्रकाने विस्कटून टाकलं.

एकदा निफाडच्या रस्त्यावर आमची जीप कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली आणि स्थानक यायची वेळ झाली. मॅडम तशाच ताडताड खाली उतरल्या, पुढे जाऊन रस्ता मोकळा करून आल्या. तोवर स्थानक निघून गेलं होतं.

बबनराव म्हणाले, "यापेक्षा आपली एसटी बरी. उशिरा येते, पण रोज त्याच वेळेला उशिरा येते!"

*

मग तात्यांना मॅडमनी सरळच विचारलं, आठ दिवस बागेला पाणी तोडाल का? तात्यांनी मान डोलावली. आम्ही आनंदात! आठव्या दिवशी गेलो तर बाग हिरवीगार, बांध झाडलेले, फाटकाला तोरण आणि ठिबकच्या नळीखाली ओला चिखल.

"तात्या, पाणी सोडलंत?"

"मग! काल दिवसभर सोडलं. वरून फोटो निघायचा अन् बाग सुकलेली दाखवू? पाहुणे यायच्या दिवशी पोरांना कोणी फाटके कपडे घालतं का?"

मॅडमचा चेहरा पडला होता, पण त्यांनी तरीही गन काढली आणि शंभर पानं मोजली. आकडा आला, अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात गार बाग! शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी स्वतः लिहिलं, 'ताण शून्य. मालकाची हौस पूर्ण.'

*

फेब्रुवारीत मॅडमच्या भाच्याचं लग्न होतं, ओझर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर. मुहूर्ताच्या आधी पंधरा मिनिटं मॅडमना कळलं की शेजारच्या बागेतली मोटार जळलीय आणि तिथे दहा दिवस पाणी नाही. म्हणजे तहानलेली बाग, तीही आयती! आणि स्थानक येणार होतं बरोब्बर मुहूर्तावर.

मॅडमनी पैठणीचा पदर खोचला आणि गाडीतली गन घेऊन कुंपणाच्या फटीतून बागेत शिरल्या. मी मागे. इकडे माइकवरून गुरुजी, "मुलाची मावशी कुठंय? मावशींना बोलवा!"

मॅडम वेलींतून ओरडल्या, "गुरुजी, दोन मिनिटं थांबा! लग्न थांबतं, स्थानक थांबत नाही!"

गुरुजी थांबले. ढग मात्र थांबला नाही. शेवटच्या मिनिटाला एकच ढग आला आणि नेमका बागेवर बसला. मॅडम परत आल्या, पदर सारखा केला आणि जोरात अक्षता टाकल्या. मी शेरा लिहिला, 'ढग. नवरा-नवरी सुखरूप.'

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच रकान्यात आहे. पेठकडे एक कोरडवाहू आंब्याची बाग आहे असं कळलं, म्हणून गेलो. झाडं विरळ निघाली, आमच्या ठिपक्यात झाडांपेक्षा मोकळी जमीनच जास्त आली असती. परतताना चढावर डोक्यावर हंडा घेतलेल्या एक आजी भेटल्या. मॅडमनी त्यांना काम समजावून सांगितलं.

आजी म्हणाल्या, "वरून झाडाची तहान दिसते?"

"दिसते, आजी."

"मंग माणसाची नाय दिसत?"

बबनरावांनी हंडा उचलून जीपमध्ये ठेवला आणि आजींना पाड्यापर्यंत सोडलं. घाट उतरल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे काम बंद पडू द्यायचं नाही." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही नोकरी गेली तर फक्त पगार जाणार नाही.

*

मार्चमध्ये तात्यांचा फोन आला. "मॅडम, द्राक्षांचा माल उतरला. छाटणीला वेळ हाय. तवा पाणी सोडून तुमचं काम बिघडवलं, ते मनाला लय लागलंय. आता बाग घ्या, पाहिजे तेवढे दिवस तोडतो पाणी."

आणि तोडलं! अकरा दिवस. मोटारीच्या पेटीला कुलूप, किल्ली तात्यांच्या करगोट्याला. तात्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हे बिलकुल मान्य नव्हतं. "मुक्या जिवाला कसली शिक्षा?" म्हणायच्या. चौथ्या दिवसापासून आमच्या चहात साखर बंद झाली. आम्ही बिनसाखरेचा प्यायलो.

बाराव्या दिवशी आभाळ स्वच्छ. स्थानक गेलं, मधल्या ओळींतली पानं आम्ही मोजली, चांगलीच तापलेली! मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी त्याच क्षणी कुलूप काढून मोटार सुरू केली.

वरचा नकाशा आला तो समितीच्या बैठकीच्या सकाळी. चार एकर लालभडक, आकडे तंतोतंत जुळलेले. आणि वरच्या अंगाचा एक एकर निळा, गार!

अध्यक्षांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "अख्खी बाग कोरडी होती ना? मग हा कोपरा गार कसा? मॅडम, तुमचा कॅमेरा चुकतोय. या आकड्यावर प्रोजेक्ट चालू ठेवता येणार नाही."

त्या कोपऱ्यात आम्ही मोजायला गेलोच नव्हतो, त्यामुळे मी नुसतीच फील्डशीट चाळत बसलो. मॅडमनी मात्र शांतपणे फोन काढला, स्पीकर लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तात्या, खरं सांगा. वरच्या कोपऱ्यात पाणी दिलं होतं?"

"एक थेंब नाय, मॅडम! आईची आन! किल्ली माझ्या कमरेला होती."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. फोनमध्ये मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. मग लांबून काकूंचा आवाज आला,

"अगं बाई! भाऊजींच्या मोटारीवरून दिलेलं बी दिसलं का त्यांला वरून?"