अळणी

मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशीचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. मुली तिला मीठमावशी म्हणतात. दीडशे ताटांचा रस्सा असो की आजारी पोरीसाठी वाटीभर सूप, बावीस वर्षांत तिच्या हातचं मीठ चुकलं नाही.

आणि नेमकी अशा बाईचीच चव गेली. निमित्त साध्या तापाचं. ताप तीन दिवसांत उतरला, पण जाताना जीभ आणि नाक दोन्ही घेऊन गेला. चहा प्यायला काय नि कोमट पाणी प्यायलं काय, सगळी माती. तीन आठवडे तिने कुणाला कळू दिलं नाही. हाताच्या अंदाजाने मीठ टाकायची आणि चमचा स्वयंपाकघरातल्या जोडीदारणीपुढे धरायची, "चाख गं जरा, माझं तोंड आलंय."

"तीन आठवडे तोंड आलंय? मग एवढं बोलता कसं हो?" जोडीदारीण टोमणा मारायची, पण चाखायची.

मावशीने देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. हात जोडायचे आणि कामाला लागायचं. आता मात्र रोज जीभ मागत होती. शेवटी तिने त्यालाच सांगून टाकलं, रविवारपर्यंत वाट बघते. नाही आली चव, तर सोमवारी रेक्टरबाईंना खरं सांगून पळी खाली ठेवीन. दीडशे पोरींच्या पोटाशी खोटं बोलणं तिच्या जिवाला लागलं होतं.

हे गुपित एका भाचीला तेवढं ठाऊक. ती म्हणाली, "मावशी, जपानी हॉटेलात जाऊन सुशी खा, भातावर कच्चा मासा असतो ती. तिथली हिरवी चटणी मेलेल्या नाकाला उठवते. येऊ का बरोबर?"

"नको. फजिती बघायला माझे दोन डोळे पुरेत."

म्हणून रविवारी संध्याकाळी, ठेवणीतली साडी नेसून, मीठमावशी आयुष्यात पहिल्यांदा एकटी बाहेर जेवायला गेली.

"किती जण?" दारातल्या मुलीने विचारलं.

"एकटीच."

"मागून कुणी येणार आहे?"

"देव आला तर आत सोड."

तिला जागा मिळाली ती ओट्यासमोर, उंच स्टुलावर. पाय लोंबकळत होते. समोर डोक्याला फडकं बांधलेला आचारी ओल्या बोटांनी भाताचे मुटके वळत होता, वर माशाचा काप ठेवून अलगद दाबत होता. हात स्वच्छ आहे, मावशीने मनात शेरा दिला.

सहा तुकड्यांची बशी आली. तिने डोळे मिटून हात जोडले आणि जेवायच्या दोन काड्या उचलल्या. पहिलाच तुकडा निसटून सॉसच्या वाटीत पडला.

"हाताने खाल्लं तरी चालतं, मावशी," आचारी हसला.

"न चालायला काय झालं? वळलंत हातानेच ना!"

मग तिने हिरव्या चटणीची गोळी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. आचारी "अहो, अहो" म्हणेपर्यंत उशीर झाला. कानशिलं पेटली, नाक वाहायला लागलं, डोळ्यांना धारा. दोन पेले पाणी रिचवून ती भानावर आली. ती स्वयंपाकीण होती. झोंबणं निराळं आणि चव निराळी, हे तिला कोण सांगणार? साबण डोळ्यांत गेला तरी झोंबतोच.

संपलं, ती मनात म्हणाली. सोमवारी पळी खाली.

पण ताटात टाकून उठणं तिच्या रक्तात नव्हतं. मान खाली घालून ती एकेक तुकडा संपवू लागली. दुसरा. तिसरा. मन कधीच रेक्टरबाईंच्या खोलीत जाऊन पोचलं होतं, काय बोलायचं ते जुळवत होतं. चौथा तुकडा चावता चावता, जोडीदारणीला सांगावं तशी ती सहज बोलून गेली,

"भात अळणी झालाय."

आचाऱ्याचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"अळणी. आंबट आहे, जरा गोडही आहे. मीठ राहिलंय."

त्याने चार शितं जिभेवर ठेवली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हा भात तासाभरापूर्वी कालवलाय," तो हळूच म्हणाला. "तीन टेबलं खाऊन गेली. कुणी चकार शब्द काढला नाही."

मावशीचं लक्षच नव्हतं. अळणी! मातीला अळणी कोण म्हणतं? तिने सॉसमध्ये बोट बुडवून चाटलं. "खारट!" आल्याची चकती तोंडात टाकली. "आलं! आलंच आहे हे!" शेजारचं जोडपं वळून बघायला लागलं.

"पुन्हा चटणी खाल्लीत?" तिचे डोळे बघून आचारी घाबरला.

"नाही हो. हे पाणी वेगळं."

त्याने नवा भात कालवून नवी बशी ठेवली आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला.

"आता बरोबर," मावशी म्हणाली, आणि सहाच्या सहा तुकडे सावकाश जेवली.

घराकडे जाताना ती रस्त्यातच थांबली. "देवा," ती म्हणाली, "माझ्यासाठी त्या बिचाऱ्याला मीठ विसरायला लावलंस. त्याला ओरडा बसू देऊ नकोस हं."

सोमवारी सकाळी रस्स्याला उकळी फुटली आणि जोडीदारणीने सवयीने हात पुढे केला. मावशीने चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

"एक सांगते. माझं तोंड आलं नव्हतं गं. चव गेली होती."

"माहीत आहे. त्या दिवशी नासलेलं दूध घटाघटा प्यायलात, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पळी ठेवून बसला असतात. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला चाखायला मिळत होतं ना!"

मावशीने चमचा पुन्हा भरला आणि तिच्यापुढे धरला. "घे. आणि खरं सांग, मीठ कसं आहे?"