आजोबांच्या हातांविषयी

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, "आजोबा, तुमचे हात आता बरे आहेत का?" आजोबा हसले आणि त्यांनी हात शालीखाली घेतले. तिचं काही चुकलं नाही. हातांतली ताकद गेली म्हणून त्यांनी गाडी सोडली, असं तुमच्या आईला मीच कळवलं होतं. ते खरं नव्हतं. हे समजल्यावरही दीड वर्ष मी गप्प राहिले. म्हणून आता लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

आमच्या जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे. म्हणजे चाकं वळवायला माणसाचा जोर थोडाच लागतो, बाकीचा जोर एक पंप तेलाच्या दाबानं लावतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला गाडी चालवता येत नाही.

गाडी सोडली त्या हिवाळ्यात आजोबा म्हणू लागले, "अगं, स्टिअरिंग फार जड लागतंय."

"गाडी तीच आहे. वय तुमचं वाढलंय."

"वळवताना कण्हते ती."

"ती नाही, तुम्ही कण्हता."

शेजारच्या वहिनी समोर होत्या. त्या हसल्या, म्हणून तेच वाक्य मी आणखी दोन घरी सांगितलं.

त्याच्या थोडं आधी पोर्चच्या फरशीवर लालसर तपकिरी ठिपके दिसू लागले होते. आजोबांनी मला वचन देऊन पान सोडलं होतं. मी विचारलं, "किला गेटच्या पानवाल्याकडे थांबता ना अजून?" ते "नाही गं" म्हणाले. मी फडकं पुढे केलं. शहात्तर वर्षांच्या माणसानं खाली बसून, न केलेली घाण पुसली.

मग एकदा फाटकातून आत वळताना गाडी खांबाला घासली. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. डायरीत मी मथळा घातला, 'ह्यांचे हात', आणि खाली फरशीवरच्या ठिपक्यांपासून सगळं तारखांसकट लिहून काढलं. मग किल्ली देवघराच्या खणात, माझ्या हळदीकुंकवाच्या सामानाखाली ठेवली. आजोबांनी ती दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहिलं आणि शोधणं थांबवलं. त्याच महिन्यात त्यांच्या लायसन्सची मुदत संपली. मी आठवण करून दिली नाही.

दोन महिन्यांनी शहरातच, मुरार भागात एक लग्न होतं. पूर्वी ट्रक चालवलेला एक आडदांड ड्रायव्हर त्या दिवसापुरता बोलावला. तो गल्लीच्या टोकावरूनच परत आला. "माताजी, ये गाड़ी तो मुझसे नहीं मुड़ रही."

आम्ही रिक्षानं गेलो. दुसऱ्या दिवशी हजीऱ्याच्या गॅरेजमधून मिस्त्री आला. त्यानं इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी कण्हली. मलाही ऐकू आलं. बॉनेट उघडून त्यानं स्टिअरिंगच्या तेलाची छोटी बाटली दाखवली, तिच्यात तळाशी नुसता फेस होता. पंप फिरवणारा बेल्ट सैल होऊन गुळगुळीत झाला होता. मग तो फरशीवर उकिडवा बसला, एका ओल्या ठिपक्याला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "पाइप से तेल टपक रहा है. कब से है ये?"

नेमकं उत्तर माझ्या डायरीत होतं. आधी ठिपके. पंधरा दिवसांनी जड स्टिअरिंग. मग कण्हणं, मग खांब. तेल गळालं की पंप हवा ओढतो, आवाज करतो, त्याला दाब धरता येत नाही. माझ्या नोंदी गाडीच्या दुखण्याच्या होत्या. मथळा तेवढा मी माणसाचा घातला होता.

मिस्त्रीनं नवा पाइप बसवला, बेल्ट बदलला, ताजं तेल भरलं. आत अडकलेली हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलून कुणीतरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं असतं.

"साहब, आप बैठ जाइए," तो म्हणाला.

"मेरे हाथों में दम कहाँ? मैडम से पूछ लो."

मिस्त्रीला ती थट्टा वाटली. मी जाऊन बसले. इंजिन बंद होतं, दोन्ही हात लावूनही माझ्या खांद्यात कळ आली. "धीरे, माताजी, पूरा घुमाइए." वीसेक फेऱ्यांनंतर बाटलीतले बुडबुडे थांबले. चाकं खाली टेकवून त्यानं खिडकीतून हात घालून इंजिन सुरू केलं, आणि स्टिअरिंग माझ्या एका बोटानं फिरलं. आजोबा बॉनेटपाशी उभे राहून काचेतून माझ्याकडे पाहत होते. चूक माझी होती, हे तिथेच, मिस्त्रीसमोर, हिंदीत बोलायला हवं होतं. मी खाली उतरले आणि म्हटलं, "चहा ठेवते."

संध्याकाळी म्हटलं, "चुकले मी."

"डायरी मात्र व्यवस्थित असते तुझी," ते म्हणाले, आणि टीव्ही लावला.

लायसन्सचा अर्ज मी आणून ठेवला. या वयात त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. आजोबा म्हणाले, "ते विचारतील, इतके दिवस का चालवली नाही? काय सांगू?" मी म्हटलं, मी येते, मी सांगते. ते म्हणाले, "राहू दे." अर्ज कोराच आहे. वहिनींना आणि आणखी एका घरी मी खरं काय ते सांगून आले. तिसऱ्या घरी अजून गेलेले नाही.

आता एक ड्रायव्हर येतो आणि आजोबा त्याच्या शेजारी बसतात. लायसन्स गेलं. माझ्याबरोबर फिरायला जायची त्यांची हौसही गेली. हात शाबूत आहेत. गव्हाचं पोतं अजून तेच आत आणतात, आणि नारळ एका फटक्यात फोडतात.