आंबट आजोबांची बरणी

तुम्ही नातवंडं ज्यांना आंबट आजोबा म्हणायचात, ते माझे धाकटे दीर. कुठलीही गोष्ट आधी हुंगायची, मग पाहायची, अशी त्यांची रीत. लग्नपत्रिका हातात आली तरी नावं वाचण्याआधी कागद नाकाशी जायचा. आमच्या दारव्ह्याच्या घरात शिरताना चपला काढता काढताच ते सांगत, "वहिनी, वरण खाली लागून राह्यलं." आणि ते खरंच लागलेलं असायचं.

त्यांचा गोटीसोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक यंत्र. प्लास्टिकच्या बाटल्यांतली पेयं खेडोपाडी पोचली आणि तो बंद पडला. पुढे कितीतरी दिवस भाऊजी त्या खोलीत रिकाम्या बाटल्यांसमोर नुसते बसून असत.

तिथून त्यांना उठवलं ते तुमच्या बाबांनी परदेशातून, तुमच्या तिकडून आणलेल्या एका बाटलीनं. फळं घातलेली आंबट बिअर होती ती. भाऊजींनी हुंगली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "नासली आहे," म्हणाले. मग पुन्हा हुंगून, "पण कोणं तरी मुद्दाम नासवली. हे मले जमते."

जमायला बराच काळ गेला. जवाला मोड आणून, वाळवून भरडायचं, त्याचं पाणी उकळायचं, कोमट झालं की चमचाभर दह्याच्या पाण्यानं आंबवायचं. कडवट वाळकी फुलं आणि यीस्ट तुमचे बाबा पाठवत. जांभळं बोरी अरबच्या बाजारातली. मग ते सगळं चिनी मातीच्या बरणीत वर्षभर मुरायचं. वर पांढुरकी, सुरकुतलेली साय धरायची. "साय आली म्हणजे निजलं," ते मला सांगत. "आता उठवाचं नाही."

त्यांची बायको कुसुम, माझी जाऊ, त्या खोलीवरून नाकाला पदर लावून जायची. "लोकं म्हणते, सोडा होताच, आता दारूबी घरचीच."

"मंग तू फुटाणे भाज," भाऊजी म्हणत.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो परतलाच नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी गॅसवर दूध करपून काळं झालं आणि ते पेपर वाचत राहिले. मी धावत आले तेव्हा त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जेवायला बसले की चार घास गिळून उठायचे.

तापाआधी, जांभळांच्या दिवसांत घातलेली एक बरणी तेवढी मुरत होती. "हिचा वास मले पाठ आहे, वहिनी," ते म्हणाले. "बाकी काही नाही आलं तरी हे ओळखीन." नवी जांभळं आली की ती उघडायची होती. ते तिच्यापाशी जाऊन बसत.

गुढीपाडव्याच्या आधी कुसुमनं घर झाडायला काढलं. भाऊजी डॉक्टरांकडे यवतमाळला गेले होते. तिनं ती बरणी आयुष्यात पहिल्यांदा उघडली. आमच्या सासूबाईंची शिस्त अशी, की लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला तर अख्खी बरणी टाकायची, वरचं काढून खालचं वाढायचं नाही. कुसुम त्या शिस्तीत मुरलेली. तिनं बरणी मोरीत ओतली.

भाऊजी आले तेव्हा मोरीची फरशी जांभळी होती. ते खाली वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले.

"बुरशी आलती," कुसुम म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून हळूच, "मले काय माहीत?"

"कसा वास आलता?" त्यांनी विचारलं.

ती पदराशी चाळा करत राहिली. "आंबट," ती म्हणाली. "जांभळाचा. मंग ओल्या लाकडाचा." जरा थांबून, "चांगला होता."

"हो," ते म्हणाले. "तसाच असते."

त्या जूनमध्ये त्यांनी आणखी एक बरणी घातली. दह्याचं पाणी आंबलं का, ते कुसुम हुंगून सांगायची आणि ते मान डोलवायचे. श्रावणात ते गेले.

यंदाची जांभळंही येऊन गेली. परवा मी कुसुमकडे गेले होते. बरणी तिथेच आहे. मी झाकणाला हात लावला, तशी ती आतून आली आणि तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

"निजलं आहे, ताई," ती म्हणाली. "उठवाचं नाही."