सिद्धम्माच्या गाण्यातली मोकळी जागा

सिद्धम्मा जबाबाची वाट पाहत होती, की जबाब कधी येऊच नये म्हणून ती जागा राखून होती? तिची सगळी गाणी पुन्हा पुन्हा ऐकूनही या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

किल्लारीजवळच्या तिच्या गावात नागपंचमीच्या फेराला बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने तिथल्या तिथे जोडून जबाब द्यायचा. जबाब आधी ठरवून येणे कमीपणाचे. स्वतःच्या ओळीला स्वतःच जबाब देणारीची तर वर्षभर थट्टा होई. सिद्धम्मासमोर नेहमी तिची थोरली बहीण नागम्मा असे, आणि तिचे जबाब बोचरे असत. १९९३च्या भूकंपात नागम्मा गेली. सिद्धम्मा तेव्हा शिक्षणासाठी लातूरला मामाकडे होती. गाव पुढे नव्या जागी वसले. तिथे तिने पाऊल टाकले नाही.

लातुरातल्या एका खोलीत राहून ती गाणी रचू लागली. चाल फेराची, शब्द स्वतःचे. मात्र प्रत्येक ओळीनंतर जबाबापुरता वेळ ती नुसत्या टाळ्या वाजवी. नांदेडला ध्वनिमुद्रण करणाऱ्या मल्लेशने त्या जागी एका मुलीकडून जबाब गाऊन घेतले, सुरेल, नेमके. सिद्धम्माने ते शेवटपर्यंत ऐकले आणि पुसायला सांगितले.

“अक्का, ऐकणाऱ्याला वाटंल मशीन बिघडली.”

“वाटू द्या. कागदात बघून दिलेला जबाब मला चालत न्हाई.”

श्रोत्यांना त्या थांबण्याचा आधी अचंबा वाटला, मग कंटाळा आला. बोलावणी कमी होत गेली. सणावाराला शेजारीपाजारी आपापल्या गावी जात, तेव्हा त्या चाळीत तिच्या एकटीच्याच खोलीला कुलूप नसे.

२०१८च्या पंचमीला निलंग्याच्या एका महिला मंडळाने तिला बोलावले. तिने आपली जुनीच ओळ टाकली:

गाव माझं पांगलं बाई, वाट पुसू मी कुणाला?

आणि टाळ्या वाजवत थांबली. मागच्या बाजूने एक थकलेला आवाज उठला, लय न सोडता:

गाव बसलं जागेवर बाई, तुला सवड न्हाई यायाला.

ती गुरम्मा होती. फेरात नागम्माच्या शेजारी उभी राहणारी. बायका हसल्या, कारण फेरातला टोमणा हसण्यासाठीच असतो. सिद्धम्माच्या टाळ्या मात्र थांबल्या. आता पुढची ओळ तिने टाकायची होती, आणि इतक्या वर्षांत तिला जबाबाला जोडून पुढची ओळ कधी लागलीच नव्हती.

गुरम्मा पदर सावरत जागची उठली.

“टाक की गं. मी उभी हाय.”

सिद्धम्माने हात जोडले आणि ती मंचावरून उतरली. लातूरच्या एसटीत ती खिडकीशी बसली. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

नव्या गावात ती राहायला गेली ऑगस्ट २०१९मध्ये. गुरम्मा त्याच वर्षी मे महिन्यात तिथेच वारली होती.