टाकीतली फुस

गॅरेजच्या पाटीवर दोघा भावांचं आडनाव होतं, पण थोरल्याला सगळे कानसेन म्हणत. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं लोक गाण्याबद्दल म्हणतात. याने ते पेट्रोलच्या पंपाबद्दल खरं करून दाखवलं. हा पंप रस्त्यावरचा नव्हे, गाडीच्या टाकीत बुडालेला, मुठीएवढा.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणाऱ्या गाड्यांची ताकद वाढवून देणं हा दोघा भावांचा धंदा. हौशी माणसाला वाटतं, टर्बोची हवा वाढवली की गाडी पळते. अरे बाबा, नुसत्या हवेने फुगा फुगतो, गाडी पळत नाही! जेवढी हवा जास्त तेवढं पेट्रोलही जास्त लागतं आणि कंपनीने दिलेला पंप तेवढं पुरवू शकत नाही. मग इंजिन उपाशीपोटी धावतं, तापतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून आधी मोठा पंप बसवायचा, मग हवेच्या गोष्टी.

पंप बसवला की मागची सीट काढलेल्या जागी थोरला आडवा व्हायचा आणि टाकीच्या झाकणाला कान लावायचा. धाकटा पुढे चावी फिरवायचा. दोन सेकंद पंप घूं करायचा. "आला का, दादा?" धाकटा विचारायचा. "आला," असं दादाने म्हटलं की सीट परत जागेवर. तीस वर्षं या एका शब्दावर गॅरेज चाललं होतं.

"घूं काय, कुणालाही ऐकू येतं," थोरला सांगायचा. "त्याच्या मागची फुस ऐकता आली पाहिजे." टाकीच्या आत पंपापासून झाकणापर्यंत वीतभर पाइप असतो. त्याची क्लिप नीट बसली नाही तर पेट्रोल टाकीतल्या टाकीतच गळतं. बाहेर थेंबही दिसत नाही, गाडी सावकाश चालवली तर कळतही नाही. फक्त एक बारीक फुस येते. प्रेशर मोजायचं गेज लावलं तर हेच कळतं, पण गेजचं नाव काढलं की थोरला उखडायचा. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. थोरल्याने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. तिघं एकाच घरात राहत होती.

धाकट्याने स्वतःसाठी एक गाडी बांधायला घेतली होती. चार वर्षांचे रविवार त्या इंजिनात गेले होते. वर्षातून एकदा जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर घड्याळ लावून गाड्या पळवत, तिथे एकदा तरी आपली गाडी न्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोघांनी मिळून पंप बसवला. पाइपची क्लिप थोरल्याने स्वतः आवळली.

तो आडवा झाला. चावी फिरली. गालाच्या हाडाला घूं जाणवलं. त्यामागे काहीच नव्हतं.

"आला का, दादा?"

"आला. एकदम स्वच्छ."

धाकटा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. "परत एकदा ऐकतोस?"

"का? आता माझे कानही बदलायचेत का?" थोरला हसला. धाकटाही हसला आणि त्याने सीट बसवली.

धावपट्टीवर तिसऱ्या गिअरपर्यंत गाडी अशी गेली की थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग धूर दिसला, पांढरा, खूप. गाडी घरंगळत गेली आणि थांबली. धाकट्याला खरचटलंही नव्हतं. इंजिन मात्र गेलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीची चार माणसं जमली असताना धाकट्याने टाकी उघडली. क्लिप पाइपच्या कडेवर बसली होती, पाइप अर्धा निसटला होता.

"क्लिप मी आवळली होती," धाकटा सगळ्यांना म्हणाला. "चूक माझी."

त्या दिवशी थोरल्याने भावाला खोटं बोलू दिलं. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

आठवडाभर तो घरात चोरासारखा वावरत होता. शेवटी भावजयीनेच चहाचा कप समोर ठेवून विचारलं, "भाऊजी, क्लिप यांनी नव्हती आवळली ना?"

"नाही. मी आवळली होती. फुस मला ऐकूच आली नाही." त्याने मान वर केली नाही. "ती तशी बारीकच असते म्हणा."

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी जेवायला घरी येता ना, तेव्हा हे प्रत्येक गाडीला गेज लावून बघतात. सात गाड्या त्यांनी परत उघडल्या. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही."

थोरल्याने कप बाजूला सारला. सात गाड्या. आणि त्या सातही वेळा आपण ढेकर देत परत जाऊन "आहे का तुझा दादा कानसेन?" असं विचारलं होतं.

"मग स्वतःच्या गाडीला का नाही लावलं त्याने?"

"रविवारी तुम्ही दिवसभर त्यांच्या शेजारीच होतात, भाऊजी. तुमच्यासमोर कसं लावणार?"

चहा तसाच राहिला. चार वर्षांचं इंजिन एका बाजूला आणि थोरल्या भावाचा मान दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली तेव्हा त्या वेड्याने इंजिन जाऊ दिलं होतं. थोरला हमसून हमसून रडला. वडील गेले तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता. तेव्हा धाकट्याला सांभाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी एका गाडीत पंप बसवला. थोरला सवयीने आडवा झाला. चावी फिरली.

"आला का, दादा?"

थोरला उठून बसला. बाहीने कान पुसला. "मला नाही ऐकू आलं. गेज लाव."

"नव्या पंपांचा आवाजच कमी असतो रे," धाकटा घाईघाईने म्हणाला.

"फुस गेली माझी. कधी गेली तेही कळलं नाही. काढ ते गेज, जिथे लपवलं असशील तिथून."

धाकट्याची मान खाली गेली. त्याने स्वतःच्या स्टुलाखालून फडक्यात गुंडाळलेलं गेज काढलं. वापरून वापरून त्याच्या काचेवर ओरखडे उठले होते. त्याने ते बॉनेटखाली जोडलं आणि पुन्हा चावी फिरवली. काटा वर चढला आणि तिथेच थांबला. दोघं दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले.

"आला, दादा," धाकटा म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा.