नत्थुजींच्या ताटातले रोडगे

नत्थुजी अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसत. बिनलग्नाचा माणूस, जठारपेठेत एक खोली, आणि तोंड असं की हमालसुद्धा त्यांच्यापुढे पोतं हळूच ठेवत. पोटात काही ठेवायची सवयच नव्हती. राग आला की बोलून मोकळे आणि भूक लागली की जेवून मोकळे.

त्या हिवाळ्यात मालकानं फर्मान काढलं. कामगारांच्या आरोग्य विम्यात त्यांची बायकापोरं होती आणि सगळा हप्ता मिल भरायची. आता म्हणे पंचविशी ओलांडलेल्या पोरांचा हप्ता मिल भरणार नाही. त्यांना विम्यात ठेवायचंच असेल तर तो खर्च सगळ्या कामगारांच्या पगारातून सारखा कापू. आणि एकानं जरी नाही म्हटलं, तरी ती नावं निघतील.

झालं! नत्थुजींचं डोकंच फिरलं. "लेकरं त्याहीचे, दवाखाना त्याहीचा, अन् पैसे काहून माये? मले ना बायको ना पोट्टं!"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. फिटर भगवंतनं खाली मान घातली. त्याचा गोपाल सत्तावीस वर्षांचा, शेंदूरजनाघाटची संत्री आणून गाडीवर विकायचा. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्शुलिनची सुई. मागच्या वर्षी दवाखान्यात पडला तेव्हा हाच विमा कामी आला होता. हे दुखणं ऐकलं की बाहेर कोणी त्याचा विमा काढायला तयार होत नसे.

फैसला रविवारी, रोडग्यांच्या जेवणात करायचा ठरला. दरसाल मिलची माणसं घरच्यांसकट भगवंतच्या भावाच्या शेतात जमत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वर साजूक तूप, सोबत वांग्याची भाजी. वर्गणी माणशी सारखी. नत्थुजी तिघांचं एकटे जेवत आणि वर्गणी एकाची देत, पण कोणी कधी ब्र काढला नाही. खुद्द नत्थुजींच्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

पंगत बसली. भगवंतची बायको माणिकबाई वाढत होती. विषय निघाला तसा गोपालच बोलला, "काका बरोबर बोलून राहिले. काढा मायं नाव. मायं मी पाहीन."

माणिकबाईच्या हातातली तुपाची वाटी तिथंच थांबली.

नत्थुजींना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांची नजर गोपालच्या ताटात गेली. अर्धाच रोडगा!

"काहून बे, एवढंसंच? वर्गणी तं पूर्ण देल्ली ना तुनं?"

"हाव, देल्ली ना. साखरेपायी मले जास्त चालत नाही."

"मंग तुया वाट्याचे रोडगे जाते कुठं?"

गोपाल हसला. "तुमच्या ताटात, काका. दरसाली आईच वाढते तुमाले."

अख्खी पंगत खो खो हसत सुटली. नत्थुजींनी हातातल्या घासाकडे पाहिलं, मग माणिकबाईकडे. लाज वाटली, चांगलीच वाटली. आणि इतकी वर्षं कोणीतरी आपल्याला न सांगता पोटभर वाढत होतं, याचं बरंही वाटलं.

"हसता काय बे!" ते खेकसले आणि तुपानं माखलेला हात वर केला. "या पोट्ट्याचं नाव ठेवा. काप म्हना मालकाले, मायाबी पगारातून काप!"

तूप कोपरापर्यंत ओघळलं. माणिकबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि गोपालच्या वाट्याचा आणखी एक रोडगा त्यांच्या ताटात टाकला.