लेकीची पांढरी वाईन

मुलीला नाशिकजवळ दिंडोरीकडं वाईनच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा माझ्या बायकोनं तिच्याशी बोलणं टाकलं. पोरगी अन्नप्रक्रियेचं शिकलेली. आम्हाला वाटलं होतं, बिस्किटाच्या नाहीतर लोणच्याच्या कंपनीत लागेल. मलकापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं विचारलं तर मी सांगून टाकायचो. बायको मात्र उठून आत जायची.

तिच्या रागाला कारण होतं. तिचे वडील दारूपायी गेले. तिच्या लहानपणी संध्याकाळी ते दारात यायच्या आधी त्यांचा वास यायचा, आणि ही धाकट्या भावाला उचलून शेजारच्या गोठ्यात जाऊन बसायची. मला हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मुलीला तिनं कधीच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. "बाबा, द्राक्षाची तोडणी सुरू हाय. एकडाव येऊन पाहा. आईलेही आना."

बायको म्हणाली, "तुमी जा." पण निघायच्या सकाळी तिनंच लाडवांचा डबा पिशवीत घातला आणि स्वतःची चप्पल शोधू लागली. "वाळली असन पोरगी," एवढंच म्हणाली.

नाशिक रोडला मुलगी घ्यायला आली होती. खरंच वाळली होती. दिंडोरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे, आणि त्यांच्यामागं उघडे डोंगर. आमच्याकडच्या काळ्या, सपाट रानाला सरावलेले डोळे सारखे त्या डोंगरांवर जात होते. मुलगी सांगत होती, इथं दिवसा ऊन आणि रात्री गारवा, म्हणून द्राक्षात गोडीही येते आणि आंबटपणाही राहतो. तिची आई खिडकीबाहेर पाहत बसली होती. ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

कारखान्यात स्टीलच्या उंच टाक्या होत्या. तिथं मुलगी तीन जातींच्या द्राक्षांची पांढरी वाईन एकत्र करून पाहत होती. एक आंबटपणासाठी, एक अंगानं भरलेली, म्हणजे तोंडात दाट लागणारी, आणि तिसरी, मस्कत नावाची, वासासाठी. तिसरी अगदी थोडी घालायची. जास्त झाली की अत्तर प्यायल्यासारखं लागतं, म्हणाली. एका पेल्यात तिनं थोडी ओतली, हलवली आणि आईसमोर धरली.

"पिऊ नको. फक्त वास घे."

बायकोनं पेला घेतला. तिनं डोळे मिटून तो नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग पुन्हा एकदा नेला.

"संत्र्याच्या फुलावानी येते," ती म्हणाली. "संग्रामपूरकडं बहारात येते तसा." आणि मग अगदी हळू, "मले वाटलं, तोच वास येईन."

"कोनता वास, आई?"

बाहेर मळ्याच्या बांधावर बसून तिनं मुलीला सगळं सांगितलं. गोठा, धाकटा भाऊ, बापाचं दारात अडखळणं. मी जरा दूर उभा होतो. मुलगी रडत होती, आणि बायको तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, "तू काऊन रडतं? तुहा काय गुन्हा त्याच्यात?"

"मले सांगितलं असतं तर ही नोकरी धरलीच नसती."

"म्हनूनच नाही सांगितलं. माह्या बापापायी तुही नोकरी काऊन जावी?"

संध्याकाळी मुलीच्या खोलीवर बायकोनं भाकऱ्या थापल्या. जेवताना मुलीनं माझ्यासमोर पेला ठेवला. मी आधी बायकोकडं पाहिलं.

"घ्या ना," ती म्हणाली. "पोरीनं केलं हाय."

मी घोट घेतला. आधी जिभेला आंबट लागलं, मग तो फुलांचा वास कितीतरी वेळ घशात राहिला. मला वाईनमधलं काही कळत नाही. "चांगली हाय," म्हणालो, तर पोरगी हसली. "बाबा, गिऱ्हाइकानं शर्ट घालून पाहिला की तुमी असंच म्हनता."

आता तोडणीच्या दिवसांत बायको एकटीच दिंडोरीला जाते. मुलगी उन्हातून आली की तिच्यासमोर गरम ताट असतं. वाईन बायकोनं अजून चाखलेली नाही. कारखान्यात पाहुणे बसून वाईन पितात त्या बाजूलाही ती जात नाही, आणि मुलगीही तिला कधी चल म्हणत नाही.